नॉरीनने लपवलेली तार

नॉरीन ट्रेझाइजच्या तोंडी लागायचं नाही, हे कूरावाच्या रानात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिच्याच हाताखाली राबायला आम्ही तीसेक जण हजर असायचो. वय सहासष्ट. त्यातली तीस वर्षं कत्तलखान्यात मेंढ्या सोलण्यात गेलेली. नवरा गेल्यावर तिने रानातली वाट राखणाऱ्या आमच्या मंडळाची मोटर-करवत हातात घेतली, ती सोडलीच नाही. वाट एक आणि हक्क सांगणारे तीन: चालणारे, सायकलवाले, घोडेवाले. काम फुकटचं, भांडणं मात्र रोजची. "भांडायचं तर फावडं हातात घेऊन भांडा, निदान चर तरी खणला जाईल," असं ती ओरडायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "काही येतं का तुला, की नुसता चहा ढोसायला आलायस?" अठरा वर्षं मी तिचा पेट्रोलचा डबा वाहिला.

तिचा जिवलग एकच, डेस पास्को. हा घोडेवाला आणि कुंपण घालण्यात पंचक्रोशीत पहिला. तारेची गाठ मारून तो टोक असं आत मुडपायचा की वरून हात फिरवला तरी टोचू नये. मार्चमध्ये एका सायकलवाल्याने वळणावर त्याच्या ट्यूलिप घोडीला धडक दिली. घोडीचा पाय मोडला. जनावरांच्या डॉक्टरला यायला दोन तास लागणार होते, म्हणून डेसने स्वतःच तिला गोळी घातली. सायकलवाला "सॉरी, चुकलं" म्हणाला आणि निघून गेला. आम्ही बैठक घेतली आणि वळणावर एक पाटी लावली. बस्स. त्या पाटीची मला आजही लाज वाटते.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी नॉरीन एकटीच वाट तपासायला गेली. वळणाच्या पुढे दोन झाडांमध्ये तार ताणलेली होती, सायकलवर बसलेल्या माणसाच्या बरोबर गळ्याशी येईल अशी. तिने ती कापली आणि गाठ बोटांनी चाचपली. टोक आत मुडपलेलं होतं. पोलिसांना फोन करायचा सोडून ती तार खिशात घालून डेसकडे गेली. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

"डेस, ही तुझी गाठ आहे."

"अगं, ही गाठ अर्ध्या गावाला मीच शिकवलीय. तुलासुद्धा. मग तू बांधलीस म्हणू?"

"माझ्याकडे बघून बोल."

"मी नाही बांधली, बाई. झालं समाधान? बस, चहा टाकतो."

ती बसली. चहा प्यायली. तिला तेच ऐकायचं होतं. घरी जाऊन तिने तार शेडमध्ये टांगली आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

शनिवारी सकाळी कॅलम व्हीलन, इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करणारा आमच्यातलाच पोरगा, कामासाठी सायकलवरून येत होता. किंकाळी आली नाही, नुसता सायकल आपटल्याचा आवाज आला. आम्ही पोचलो तेव्हा दोन झाडांमध्ये पुन्हा नवी तार ताणलेली होती, त्याचा गळा उघडा पडला होता आणि रक्त चिळकांड्या मारत पानांवर उडत होतं. आम्ही बघत राहिलो. नॉरीनने गुडघे टेकले, दोन बोटं थेट जखमेत घातली आणि शीर दाबून धरली. "हलू नकोस रे गाढवा, हललास तर मीच मारीन तुला." हेलिकॉप्टर यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर तिने हात हलवला नाही.

मग कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताचे हात घेऊन ती चहाच्या टेबलापाशी आली. डेस तिथेच बसला होता. तिने कुंपणाचा एक खांब आणि तारेचं भेंडोळं त्याच्यासमोर आपटलं.

"बांध."

"नॉरीन, तिकडे पोरगं मरतंय आणि तू..."

"बांध म्हणते ना!"

त्याने बांधली. चाळीस वर्षं कुंपणं घातलेल्या माणसाने शहरातून सुट्टीला आलेल्या पाहुण्यासारखे कसेबसे तीन वेढे दिले. टोक बाहेर तसंच राहिलं.

"इतकी वाईट गाठ तू जन्मात बांधली नाहीस, डेस," ती म्हणाली आणि फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात टेबलावर पडले. तो उठला आणि त्याने तिच्या कानशिलावर बुक्की मारली. ती कोसळली, पण पडता पडता तिने त्यालाही खाली ओढलं आणि उरावर बसून मारत सुटली.

"नुसते पडायला हवे होते ते मेले सायकलवाले!" डेस तोंडातलं रक्त थुंकत ओरडत होता. "पाय मोडायला हवे होते त्यांचे, माझ्या घोडीसारखे!"

चौघांनी दोघांना सोडवलं. मी सोडवणाऱ्यांत नव्हतो. डेस पडलेला असताना मी त्याच्या बरगड्यांत दोन लाथा घातल्या, आणि मला त्या अजून गोड लागतात.

पोलीस डेसला घेऊन गेले. नॉरीनने शेडमधली तारही त्यांच्या हवाली केली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल, इस्पितळात जायचंय."

कॅलम वाचला होता. आवाज परत येईल असं कुणी म्हणत नव्हतं. त्याची बायको टॅमसिन बाहेर व्हरांड्यात आली आणि तिने नॉरीनचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुम्ही नसता तर आज मी..."

"ऐक आधी," नॉरीन म्हणाली. "गुरुवारी मला तशीच एक तार सापडली होती. गाठ मी ओळखली होती. दोस्त होता म्हणून गप्प बसले."

टॅमसिनला ते कळायला वेळ लागला. तिने हात सोडले.

"शनिवारी तो मला विचारत होता, गाडीने जाऊ की सायकलने," ती म्हणाली. "मी म्हटलं, सायकलने जा. ती वाट नॉरीन सांभाळते."

मग ती आत गेली आणि तिने कॅलमच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.