कोणाचं काही आत अडकलंय का?

आमच्या साडूंइतका भला आणि तितकाच डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे ते जेवताना मीठ मागतात तेही नांदेडची गाडी लागल्यासारखं. कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात, मग दाराजवळची खुर्ची धरतात. थंडीतसुद्धा अंगणात झोपतात. भूकंपापासूनच्या या सवयी. आम्ही हसतो, त्यांना फरक पडत नाही.

माझ्या मनात त्यांच्याबद्दल एक अढी आहे, ती आधीच सांगून टाकतो. पोती उचलता उचलता मी डाळीची आडत उभी केली; भाव कसा पाडायचा हे मला कोणी शिकवायला नको. मुलीच्या क्लाससाठी कॉम्प्युटर घ्यायला साडूंना घेऊन गेलो, तेव्हा मी भाव पाडता पाडता दुकानदार घामाघूम झाला होता. आता तो नमणार, एवढ्यात साडू मलाच गरजले, "शेठ, रास्त भाव हाय की! घ्या आता." दुकानदाराने त्यांना चहा पाजला. मला नाही.

तोच कॉम्प्युटर मुलीच्या बारावीत गच्च भरून बसला. दुपारी क्लासची मोठी सराव परीक्षा घरूनच द्यायची आणि पान काही उघडेना. साडूंना बोलावलं; स्टँडवर कॉम्प्युटर आला तेव्हा ते त्यातलं थोडंफार शिकले होते. ते हातपाय धुऊन, पूजेला बसावं तसे बसले.

"तात्पुरत्या फायली साचून राहिल्यात. काम झालं की निघायला पाहिजेत, निघत न्हाईत."

"मग उडवा की सगळ्या! पोरीची परीक्षा हाय."

"दमा जरा."

त्यांनी उघडं असलेलं एकेक बंद केलं. मग घराकडे तोंड करून स्टँडवरच्या आवाजात पुकारलं, "कोणाचं काही आत अडकलंय का?" आणि हात वर धरून गप्प राहिले. माझा पारा चढला. "अहो, हा काय ढिगारा हाय का?"

साडू हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. "भूकंपात ढिगाऱ्यावर असंच करायचो, शेठ. आधी हाक. मग सगळ्यांनी गप्प. फावडं त्याच्यानंतर."

तेवढ्यात मुलगी ओल्या केसांनी मोरीतून धावत आली. "काका, थांबा! माझ्या केमिस्ट्रीच्या नोट्स!" मेलमध्ये आलेली फाईल तिने तिथूनच उघडली होती आणि रोज तिच्यातच भर घालत गेली होती, वेगळी अशी कुठे ठेवलीच नव्हती. साडूंनी ती त्या पसाऱ्यातून शोधून तिच्या फोल्डरमध्ये ठेवली, उघडून तिला दाखवली आणि मगच बाकीच्या काढल्या. काही फायली वापरात आहेत म्हणून निघेनात. "राहू द्या त्यांना." मी कॉम्प्युटरमधली कचरापेटी रिकामी करायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "चार दिवस ठेवा. कोणी विचारत आलं तर?"

मुलगी वेळेवर परीक्षेला बसली.

आता ती शिकायला बाहेरगावी आहे. साडू नांदेडला मुलाकडे असतात. तिथे अंगण नाही, गच्चीवर झोपतात म्हणे. कॉम्प्युटर छान चालतो. पैसे मात्र जास्तच पडले होते, हे माझं मत कायम आहे. फायली हल्ली मीच साफ करतो. सगळं बंद करतो, घराकडे तोंड करतो आणि पुकारतो.

"घरात आपण दोघंच," बायको स्वयंपाकघरातून म्हणते. "कोण हाय आता अडकायला?"

तरी मी हात वर धरून थोडा वेळ थांबतो.