कचेरीतली बिडीबंदी

बहात्तरच्या दुष्काळात तेरजवळच्या आमच्या गावात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, तेव्हा मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय चोवीस, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. कचेरी म्हणजे गोदामाला लागून असलेली पत्र्याची खोली. त्यात एक खिडकी, एक टेबल. टेबलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे चेअरमनसाहेब. साठीकडे झुकलेले, गावचे मोठे शेतकरी, बोलायला गोड माणूस. फक्त एक बिडी विझायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटवायचे. संध्याकाळी घरी गेलो की आई माझा शर्ट नाकाला लावायची.

"वढायला लागलास व्हय रं?"

मी बिडीला कधी बोटही लावलं नव्हतं. आईला काही ते पटायचं नाही.

छावणीसाठी कडबा लांबून ट्रकनं यायचा आणि गोदामापुढं त्याच्या गंज्या लागायच्या. एका दुपारी कुणाच्या तरी बिडीची ठिणगी गंजीच्या बुडाशी पडली. दोन पेंढ्या जळाल्या. तिसरी धुमसत असताना मावशीनं तिच्यावर बादली पालथी केली म्हणून निभावलं. ही मावशी बौद्ध वस्तीतली. जनावरांच्या पाण्याचं काम तिच्याकडं होतं. विहिरीतून शेंदायचं आणि हौद भरत राहायचं, दिवसभर. त्या दिवशी ती हौदाजवळ नसती, तर अख्ख्या गावाची जनावरं उपाशी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बैठक बसली. चेअरमनसाहेब लई तापले होते.

"छावणीत बिडी न्हाय म्हंजे न्हाय! जो वढंल त्यानं हौदात दहा बादल्या पाणी आणून टाकायचं. मग तो कुणीबी आसू द्या. सेक्रेटरी, लिहा."

मी लिहिलं. 'छावणी, गोदाम व कडब्याच्या गंज्या या ठिकाणी धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे.' लिहिता लिहिता समोरून धुराचा एक लोट माझ्या तोंडावर आला. चेअरमनसाहेब बिडीबंदीचा ठराव बिडी ओढतच सांगत होते. माझा हात जरासा घसरला आणि 'गंज्या' नंतर 'व कचेरी' असे दोन शब्द आले. ठराव मोठ्यानं वाचून दाखवताना नेमका तिथंच मला खोकला आला. त्या खोलीत माझ्या खोकल्याकडं लक्ष द्यायचं कुणाला काही कारण नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या. ठरावावर लक्ष ठेवायचं काम मावशीला दिलं.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "मला वाचता येत न्हाय. कुठं कुठं बंदी हाय ते नीट सांग बरं."

मी नीट सांगितलं. या खेपेला खोकलो नाही.

तासाभरात मावशी रिकामी बादली घेऊन कचेरीच्या दारात उभी राहिली. चेअरमनसाहेबांच्या तोंडात बिडी होतीच.

"चेअरमन, उठा. दहा बादल्या."

"हितं?"

"ठरावात हाय कचेरी. सेक्रेटरीला इचारा."

मी कागदात मान घातली. ठराव मांडणारे तेच, सही करणारे तेच. वाचताना आपलं लक्ष नव्हतं हे कबूल कसं करायचं? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "धूम्रपान म्हंजे धूर पिणं. म्या बिडी वढतो, पीत न्हाय."

"मग पानीबी वढा," मावशी म्हणाली आणि बादली पुढं केली.

चेअरमनसाहेबांचा हात मध्येच थांबला. तो का थांबला, हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मावशीच्या वस्तीतल्या बायकांना याच विहिरीवर पाऊल ठेवता येत नव्हतं, त्याला काही लई वर्षं झाली नव्हती. मावशी बादली धरून तशीच उभी. मला वाटलं, आता आपली ही चेष्टा अंगाशी येणार. पण त्यांनी बादली घेतली. धोतर खोचून दहा खेपा केल्या. आठव्या खेपेला धाप लागली, तेव्हा मावशी म्हणाली, "बसा जरा, दमानं होऊ द्या." ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची कचेरीबाहेर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेली. सोसायटीचा सगळा कारभार तिथून चालू लागला. माणसं तिकडं, चहा तिकडं, गप्पा तिकडं. स्वच्छ हवेत मी एकटा. प्रत्येक कागदावर सही घ्यायला दिवसातून वीस वेळा उन्हात पळत जायचो. आई म्हणाली, "शर्टाला आता घामाचाच वास येतोय."

पंधरा-वीस दिवसांनी तालुक्याहून एक साहेब जीपमधून तपासणीला आले. कचेरीत बसले आणि सिगारेट पेटवली. मावशी बादली घेऊन हजर. "सायेब, ठरावात कचेरीबी हाय." चेअरमनसाहेब लिंबाखालून लगबगीनं आत आले.

"कचेरीत कुठला आलाय कडबा?" साहेब म्हणाले. "दाखवा तो ठराव."

मी वही पुढं केली. साहेबांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. "छावणी, गोदाम व कडब्याच्या गंज्या... व कचेरी. एका वाक्यात दोनदा 'व'? चेअरमन, कचेरी तुम्ही सांगितली होती?"

चेअरमनसाहेब वहीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं वळले. मला खराच खोकला आला.

"आस्सं!" ते म्हणाले. "ह्या खोकल्याखाली दडवली व्हय कचेरी?"

मला वाटलं नोकरी गेली. पण आधी साहेब हसले आणि मग चेअरमनसाहेब. ते तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साहेबांनी हौसेनं एक बादली आणली, निम्मी पँटवर सांडली. उरलेल्या नऊ आणि वर माझ्या दहा, अशा एकोणीस खेपा चेअरमनसाहेबांनी माझ्याकडून मोजून करून घेतल्या. मावशी विहिरीच्या काठावरून मला शिकवत होती, "आरं, कमरंतून वढ, हातानं न्हवं!"

पुढच्या साली पाऊस झाला, छावणी उठली. एक सभासद बैठकीत म्हणाला, "आता ती कचेरीची बंदी काढून टाका. तेवढीच चोरून घातलेली हाय."

चेअरमनसाहेब लिंबाखालून उठले नव्हते. तिथल्या तिथं बिडीची राख झाडत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आत बसत हुतो तवा बायामाणसं दारातूनच माघारी जायची. हितं येऊन बोलत्यात तरी."

त्या वेळी मावशी खताच्या अर्जासाठी त्यांच्या समोरच्या दगडावर बसली होती. तिनं धूर हातानं बाजूला सारला आणि म्हणाली, "आमी बोलतो खरं, पर वारा बघून बसावं लागतं."