साबणवाल्याचं आडनाव

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याचे डोळे तपासायची आणि मग हळूच त्याच्या आजोबांची चौकशी करायची. स्वतःच्या आजोबांचं मूळ सापडत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांच्या आजोबांवर डोळा. तिचे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. त्याआधीचं विचारलं की काका म्हणत, "आपलं घराणं मोठ्या व्यापाऱ्यांचं," आणि आत्या म्हणे, "मला बाई काही आठवत नाही."

शेवटी तिनं ठरवलं, कोणी सांगत नाही तर आपणच रचावं. दुपारी दुकान रिकामं असलं की जुन्या नंबरांच्या कागदांच्या पाठीवर ती लिहायची. चार वर्षांनी कादंबरी छापून आली. तिच्यातले आजोबा जहाजावरून पळालेले राजबिंडे खलाशी होते.

आठवड्याभरात आत्या दुकानात हजर. पुस्तक काउंटरवर आपटून म्हणाली, "बाबा आणि खलाशी? अगं, त्यांना गुडघाभर पाण्याचीही भीती वाटायची."

"मग खरं काय ते तू सांग."

आत्यानं आढेवेढे घेतले, पाणी मागितलं आणि बसली. बाबा अनाथाश्रमात वाढलेले. नुकते कामाला लागले होते, तेव्हा शिरगणतीचा कारकून आला. बाबा शिडीवर, हातात ब्रश. त्यानं आडनाव विचारलं. ते तर नव्हतंच. समोरच्या पाटीवर एका साबणवाल्याचं आडनाव रंगवत होते, तेच सांगून टाकलं.

"कुठे बोलायचं नाही, अशी आईनं शपथ घातली होती. पण लोक त्यांना खलाशी समजायला लागले, मग माझ्याच्यानं राहवेना."

ती हसत सुटली आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले. शिडीवर उभ्याउभ्या स्वतःला नाव देणारा हा पोरगा तिला आपल्या खलाशापेक्षा कितीतरी धीट वाटला.

काकांनाही हे कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "साबणवाला म्हणजे व्यापारीच की. मी काही खोटं बोललो नव्हतो."

आता दुसरी कादंबरी सुरू आहे. आत्या रोज दुपारी येऊन सांगत बसते. मधूनमधून पदरचंही घालते. शिडी तीन मजली झाली आहे आणि वर बघताबघता कारकुनाची टोपी रंगाच्या डब्यात पडली आहे.

"हे खरंच झालं होतं का गं?"

"झालं नसेल तर नसेल," आत्या म्हणते. "तू लिही."