आईचं गिल्या वड्याचं पाणी

मागच्या बुधवारी सुट्टी टाकून अकोल्याहून बडनेऱ्याला माहेरी गेले. कारण आईचं ट्रेनिंग होतं... हो, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी!

आई बावीस वर्षांपासून हातगाडीवर गिला वडा विकते. उडदाच्या डाळीचा वडा तळायचा, पाण्यात भिजवून हलकेच दाबायचा, वर दही-चटणी. यंदा एका कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये स्टॉल मिळायची संधी आली, पण अन्नसुरक्षेच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हवं होतं. तिचं उन्हापावसात उभं राहणं संपेल म्हणून आम्ही सगळे आस लावून बसलो होतो.

ट्रेनिंग अमरावतीला. बेकरीवाल्यांची बॅच वेगळी, मेसवाल्यांची वेगळी, आमची रस्त्यावर विकणाऱ्यांची वेगळी. आई चौथी शिकलेली, म्हणून सोबतीला मी. आणि मागच्या रांगेत बघते तर कॅन्टीनचं काम बघणारे कॉलेजचे सर स्वतः बसलेले!

नखं, टोपी, जखमेवर पट्टी... मॅडम छान समजावून सांगत होत्या. आई अशा तोऱ्यात मान डोलवत होती की विचारू नका. मग मॅडम म्हणाल्या, वारंवार हात घातलेलं पाणी तासन्‌तास तसंच ठेवलं की त्यात जंतू वाढतात.

आईचा चेहराच उतरला. तिच्या वड्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच पाणी असतं. कमी झालं की वरून भर घालायची, बदलायचं नाही... पाणी मुरलं की वड्याला चव येते, असं तिला तिच्या सासूने शिकवलेलं. मीसुद्धा तेच वडे खाऊन मोठी झाले.

आणि आई उभी राहिली! मी तिचा पदर ओढला. "आई, बस नं... सर हायेत मांगं."

ती कसली बसते!

"म्याडम, माह्या गंजात दिवसभर एकच पानी असते. मले वाटे, तेच बरोबर हाय. आता सांगा, कितीदा बदलू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. दर घाण्याला पिण्याचं ताजं पाणी घ्या आणि भांडं झाकून ठेवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात एक पाणीपुरीवाले काका उठले. "माह्यं बी तसंच हाय, म्याडम." मग अजून दोघं-तिघं उठले... हसणारा कुठे गडप झाला कोण जाणे.

शेवटी मॅडमनी प्रश्न वाचून दाखवले आणि आई पास झाली. पण माझं सगळं लक्ष सरांकडे. ते उठून आमच्याच दिशेने आले, तेव्हा मी मनाशी म्हटलं, गेला स्टॉल.

"ताई, सोमवारपासून या," सर म्हणाले. "तुमच्या स्टॉलजवळच नळ लावून देतो."

मला रडूच आलं. आई मात्र लगेच नळ कुठल्या बाजूला हवा ते सांगायला लागली!

दुसऱ्या दिवशी गाडीवर तिने प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला प्लेट देताना स्वतःहून सांगितलं, की आधी पाणी बदलत नव्हते, आजपासून बदलते. कुणीही विचारलं नव्हतं.

मी शिकलेली, ऑफिसात बसणारी... चारचौघांत उभं राहून "माझं चुकत होतं" असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. माझी आई म्हणाली, आणि तेही जिथे सगळं गमवायची भीती होती तिथे. लेक आहे मी तिची!