पासिंगपुरत्या स्प्रिंगा

माझा साडू अकोल्यात वकिली करतो आणि दर चार वर्षांनी गाडी बदलतो. मी अमरावतीला शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो आणि गाडी बदलत नाही, गाडीतलं सामान बदलतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर अचलपूरचं. सासरी दोघं एकाच दिवशी पोचलो की जेवणाआधी अर्धा तास आम्ही एकमेकांच्या गाडीभोवती फिरायचो. सासूबाई आतून पानं वाढल्याचं ओरडून सांगायच्या आणि आम्ही बॉनेट उघडून उभे.

सुरुवात कोणी केली यावर आमचं एकमत नाही. पांढरी डिझेल गाडी आधी मी घेतली, हे खरं. वर्षभरात त्यानं तेच मॉडेल घेतलं, तोच रंग घेतला. आता दुकानात दुसरे रंग नव्हते का? मला राग आला आणि मी पुढच्याच आठवड्यात अलॉय व्हील टाकून घेतले. मग त्याची आणि माझी गाडी शेजारी उभी राहिली की वेगळी दिसायला लागली. मला तेवढंच हवं होतं.

त्याचं उत्तर त्यानं तीन वर्षांनी दिलं. गाडीच विकली आणि मोठी घेतली. नंतर त्याहून मोठी. आता आहे तिला छतात काच आहे, ती सरकते. अकोल्याच्या मे महिन्यात छत उघडून हा माणूस करणार काय, पापड वाळवणार? मी तसं बोलूनही दाखवलं. तो हसून म्हणाला, "साडभाऊ, त्या म्हातारीले किती दिवस पावडर लावसान? इका आता."

"नवी घ्याले अक्कल नाई लागत," मी म्हणालो. "चेक लागते."

माझी गाडी मी कशी उंच केली, तेही सांगतो. एकदा दोन्ही घरं मिळून सेमाडोहच्या जंगलात गेलो होतो. आडवाटेला एक नाला लागला. त्याची नवीकोरी गाडी खालून घासली आणि तो थांबला. मी तेव्हा नुकत्याच थोड्या उंच स्प्रिंगा टाकल्या होत्या. मी न थांबता पलीकडे गेलो आणि खाली उतरून त्याची वाट पाहत उभा राहिलो. त्या दिवसाचा आनंद मी दोन वर्षं पुरवून खाल्ला. आणि मग माझं डोकं फिरलं. आणखी उंच स्प्रिंगा आल्या, रुंद टायर आले, बंपरवर दोन जास्तीचे दिवे आले, आणि एक सायलेन्सर आला, ज्याच्या आवाजानं आमच्या गल्लीतलं म्हातारं कुत्रं जागा बदलून झोपायला लागलं. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर धोका वाढतो, हे मी मुलांना दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. आकृतीतली गाडी माझी नसे.

बायकोनं डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. गाडी थांबली की मी उतरायचो, स्टूल काढायचो, तिच्या दाराशी ठेवायचो, मग ती उतरायची. कडक स्प्रिंगांमुळे तिची कंबर दुखायची. एका दिवाळीला ती सरळ म्हणाली, "मी एसटीनं जातो अचलपूरले. एसटीची पायरी तुमच्या गाडीपेक्षा खाली हाये." मी ते थट्टेवारी नेलं. ती खरंच एसटीनं गेली.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. पंधरा वर्षांनी गाडीची पुन्हा नोंदणी करावी लागते. अधिकारी गाडी तपासतात, ती पास झाली की आणखी पाच वर्षं मिळतात. नाही झाली तर तिनं रस्त्यावर यायचं नाही. आणि तपासायला नेताना गाडी कंपनीनं दिली तशी हवी. माझ्या गाडीत कंपनीनं दिलेलं आता फारसं उरलं नव्हतं.

माझ्या मेकॅनिकला मी हे सांगितलं तर त्याला काहीच वाटलं नाही. "सर, पासिंग तर सगळेच ओरिजिनल सामानावर करतेत," तो म्हणाला. "एक दिवस लावाचं, पास कराचं, दुसऱ्या दिवशी काढाचं. कोणाचं तरी मागून आणा." ही आमच्याकडची रीतच आहे. लग्नात शेजाऱ्याच्या सतरंज्या आणाव्यात तशी माणसं पासिंगला सायलेन्सर मागून आणतात, आणि कोणी नाही म्हणत नाही. पण मागायचं कोणाकडे? माझं मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. मी अमरावतीतली भंगाराची दुकानं पालथी घातली. माझ्या मूळच्या स्प्रिंगा मी स्वतःच भंगारात दिल्या होत्या, तेही मोठ्या रुबाबात.

मुदत संपायला महिना राहिला. गाडी गेली असती तर वाईट वाटलंच असतं. पण ती साडूच्या डोळ्यांदेखत जाईल, आणि तो काही बोलणारही नाही, फक्त मान हलवेल, हे मला जास्त झोंबत होतं. मी घरात सांगून ठेवलं, अकोल्याला कळता कामा नये. बायकोनं त्याच दुपारी बहिणीला फोन केला.

संध्याकाळी साडूचा फोन आला. चोराच्या मनात चांदणं. मी दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला तर तो टोमणा न मारता म्हणाला, "माही पयली गाडी, तुमच्यासारखीच पांढरी, बार्शीटाकळीले हाये. एका शेतकऱ्याकडं. सगळं ओरिजिनल हाये तिच्यात. मागचे टायर यंदाच बदलले त्यानं."

"तुमाले कसं माहीत?" मी विचारलं.

"तिथल्या कोर्टात जातो मी. दिसते येता-जाता."

येता-जाता टायर दिसतात, हे मला जरा जास्त वाटलं, पण गरज माझी होती. पुढच्या रविवारी मी अकोल्याहून त्याला घेतलं आणि आम्ही माझ्याच गाडीनं बार्शीटाकळीला गेलो. वाटेत त्यानं दोनदा डोकं छताला आपटून घेतलं आणि एका शब्दानं तक्रार केली नाही.

तो शेतकरी साठीतला, सडसडीत, स्वतःची काळी जमीन स्वतः वाहणारा माणूस. त्याच्या गोठ्याच्या बाजूला टिनाखाली गाडी उभी होती. मागची सीट काढून तिथे फवारणीचे पंप आणि खताची पोती भरलेली. रंग उडालेला, पण इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. साडूनं दार उघडलं आणि आत जाऊन बसला. मी स्प्रिंगा पाहायला खाली वाकलो होतो. शेतकरी मला म्हणाला, "साहेब येतेत अधूनमधून. चाबी मांगतेत, स्टार्ट करतेत, पाच मिनिटं बसतेत, जातेत. आमच्या घरचे पुसतेत, या वकीलसाहेबाचं काही राह्यलं काय या गाडीत?"

साडूनं ते ऐकलं असणार. काच खाली होती. तो समोर गोठ्याकडे पाहत राहिला, आणि मी पुन्हा स्प्रिंगांकडे वळलो.

सौदा सरळ झाला. पासिंग होईपर्यंत शेतकऱ्याच्या स्प्रिंगा, चाकं आणि सायलेन्सर माझ्या गाडीला, माझं सगळं, बंपरवरच्या दिव्यांसकट, त्याच्या गाडीला. पासिंग झालं की परत अदलाबदल. गावातल्या गॅरेजवाल्यानं दुपारपर्यंत काम उरकलं. माझी गाडी बुटकी झाली. आता ती मला एखाद्या निवृत्त हेडमास्तरच्या गाडीसारखी दिसत होती. परतताना मी साडूला अकोल्याला सोडलं आणि अमरावतीपर्यंत तोंड पाडून चालवत आलो.

तपासणीची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. तोवर पाऊस सुरू झाला होता. अधिकाऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, दिवे लावायला सांगितले, चेसीचा नंबर पाहिला, ब्रेक तपासले. "चांगली ठेवली गाडी," तो म्हणाला, "काही छेडछाड नाही केली." मी मान खाली घातली. गाडी पास झाली. मला फार आनंद झाला. इतका, की मी सरळ घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, चल, एक चक्कर मारू. ती स्टुलाशिवाय बसली. राजापेठेकडून बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. उतरताना ती म्हणाली, "अशीच राहू द्या ना." मी म्हणालो, पाहू. माझं आधीच ठरलेलं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा साडूला घेतलं, पुन्हा बार्शीटाकळी. शेतकरी शेतातच होता. त्याची गाडीही शेतात होती. पावसात काळ्या मातीच्या वाटेनं बैलगाडीसुद्धा रुतते. ही गाडी माझ्या स्प्रिंगांवर, माझ्या रुंद टायरांवर, चिखलानं माखून बांधाला लागून उभी होती.

"मास्तर," तो म्हणाला, "काय वस्तू देली तुमी! पयले सडकेवर गाडी ठेवून डोक्यावर पोतं आणत होतो. आता थेट वावरात येते."

मी म्हणालो, पासिंग झालं, आता अदलाबदल करून घेऊ.

"आता कायले बदलवता?" तो म्हणाला. "तुमची पास झाली. माही वावरात येऊन राह्यली. दोघायचंही काम झालं."

मी चिडलो. मी त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी तुमच्या गाडीलाही पंधरा वर्षं होतील, तेव्हा तुम्हाला हे सगळं काढावंच लागेल! त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही. "तवा तुमच्याकडून नेतो ना एक दिवसापुरतं," तो म्हणाला. "तुमी काय नाई म्हनसान?"

मी साडूकडे वळलो. म्हटलं, वकीलसाहेब, सांगा याला काहीतरी. साडू हसू दाबत होता. "कोन्त्या कलमाखाली मांगू?" तो म्हणाला. "अधिकाऱ्यापासून लपवाले देलेलं सामान वापस पाह्यजे, असं लिहू का अर्जात?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चौदा वर्षं हौसेनं जमवलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर चिखलात उभं होतं. मला खरोखर रडू येईल असं वाटलं, आणि एका स्प्रिंगेसाठी रडू येतंय याची लाजही वाटली.

मग साडूनं एक गोष्ट केली, जी माझ्या कल्पनेतही नव्हती. त्याचं हसणं थांबलं होतं. तो गाडीपर्यंत गेला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि शेतकऱ्याला म्हणाला, "मले देऊन टाका ही. तुमी म्हनान ते देतो. तुमाले दुसरी घेऊन देतो, वावरात जाणारी."

शेतकरी अगदी मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, तुमी इकली तवा मी दोनदा इचारलं होतं. नक्की देता ना, म्हून. तुमी म्हनले, जुनी झाली, घेऊन जा."

"म्हनलं होतं," साडू म्हणाला.

"आता घरची झाली आमच्या."

साडूनं हात काढला, रुमालानं चिखल पुसला, आणि आम्ही बांधावरून सडकेकडे चालायला लागलो. पंधरा वर्षं मी या माणसाची फजिती पाहायची वाट पाहत होतो. ती आता माझ्यासमोर झाली होती, साक्षीदारासह, आणि मला त्यात काडीचा आनंद मिळाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. तीन गाड्या त्यानं मला खिजवायला घेतल्या असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. बार्शीटाकळीला येऊन पाच मिनिटं बसून जाणारा माणूस कोणाला खिजवत नव्हता.

सडकेवर माझी गाडी उभी होती. बुटकी, पांढरी, साध्या चाकांची. तो तिच्याकडे पाहत उभा राहिला, आणि मी चावी त्याच्या हातात दिली. तो चालवायला बसला, मी डाव्या बाजूला. माझ्या स्वतःच्या गाडीत त्या बाजूला मी त्याआधी कधी बसलो नव्हतो.

तो सावकाश चालवत होता. गिअर टाकताना त्याचा हात अडखळला नाही. त्याच्या नव्या गाडीला गिअर टाकावे लागत नाहीत, तरी हात विसरला नव्हता. अकोल्यात त्याच्या घराशी आलो. फाटकातून त्याची सरकत्या काचेची गाडी दिसत होती. माझी मेहुणी दारात येऊन उभी राहिली. त्यानं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"साडभाऊ," समोर पाहतच तो म्हणाला, "बायपासपर्यंत जाऊन येऊ का एकदा?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला परवानगी अशी कधी मागितली नव्हती. मी मेहुणीला हातानं थांब म्हणून सांगितलं आणि काच खाली केली.

"चला," मी म्हणालो. "घाई काय हाये."