सामानाजवळची विभावरी

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या मराठी मंडळींत कुठे सहल निघायची म्हटली की पहिला फोन विभावरीला जातो. गाडीने किती वेळ लागेल, वाटेत बरं स्वच्छतागृह कुठे आहे, हॉटेलात अंड्याशिवाय नाश्ता मिळेल का, सगळं तिला विचारावं. नोकरीत ती दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, आणि सहलीतही तिचं मन त्याच वळणाने चालतं. पाऊस आला तर काय, बस चुकली तर काय, याची उत्तरं निघण्याआधीच तिच्याकडे तयार असतात. मग सगळ्यांना मुक्कामी पोचवून, तिखटमिठाच्या पुऱ्या वाटून झाल्या की ती एक बरंसं बाक पाहते, सगळ्यांच्या बॅगा भोवती मांडून घेते आणि म्हणते, "तुम्ही जाऊन या निवांत. मी बसते सामानाजवळ."

लोकांना याचं कोण कौतुक! "विभावरी आहे म्हणून आपण मोकळे फिरतो," असं तिची मैत्रीण सरिता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. हायडेलबर्गचा किल्ला वर आणि विभावरी खाली. कोलोनच्या कॅथेड्रलचा मनोरा वर, विभावरी खाली. आल्प्समध्ये म्हणाल तर एकदा केबल कारच्या दारापर्यंत गेली होती, पण ऐन वेळी कोणाच्या तरी बाळाचं दूध गरम करायचं निघालं आणि तिने ते काम अक्षरशः हिसकावून घेतलं. अकरा वर्षांत तिने जर्मनी पाहिला तो बाकांवरून. कुठलं बाक उन्हात येतं आणि कुठल्या बाकाला पाठ नाही, हे तिच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही.

खरी गोष्ट वेगळी होती. वाल्डॉर्फमधल्या पहिल्याच हिवाळ्यात, बेकरीच्या दारात, नजरेला न दिसणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्यावरून ती घसरली होती. ब्रेड चहूकडे उधळले, मनगट मोडलं, आणि रांगेतल्या सगळ्या जर्मन आज्यांनी "ओय, ओय" केलं. मनगट जुळलं. पण पायाखालची जमीन कधीही दगा देऊ शकते ही भीती जी बसली, ती उठलीच नाही. बर्फ, उतार, उंची, हलणारे पाळणे, सगळं त्या एका भीतीच्या खाती जमा झालं. आता चारचौघांत "मला भीती वाटते" असं म्हणायला विभावरी काही लहान नव्हती. त्यापेक्षा सामान बरं. सामानाजवळ का बसलीस, असं कोणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला, चारुदत्तला, कंपनीने काही महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं. नाताळच्या सुट्टीत विभावरी आणि नऊ वर्षांची अन्वी तिकडे गेल्या. चारुदत्तने उत्साहाच्या भरात नागानोकडच्या डोंगरातलं एक स्की रिसॉर्ट ठरवून टाकलं. लहान मुलांसाठी सोपे उतार, गरम पाण्याची कुंडं, खोलीतून डोंगर.

"अगं, आल्प्स इथून चार तासांवर," सरिता फोनवर म्हणाली. "तिकडे एकदाही वर चढली नाहीस, आणि बर्फ बघायला थेट जपान?"

"तिकडचा बर्फ मऊ असतो म्हणे," विभावरी म्हणाली. शिवाय गरम पाण्याच्या कुंडात कोणी घसरत नाही, असा तिचा हिशेब होता.

पहिल्या सकाळी तिने खोलीचा पडदा सारला आणि पाहतच राहिली. समोर पांढऱ्याशुभ्र शिखरांची रांगच्या रांग उभी होती, आणि त्यांवर नुकतं ऊन आलं होतं. "काय सुंदर आहे रे! कुठले डोंगर म्हणायचे हे?"

"जपानी आल्प्स," चारुदत्त म्हणाला.

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण भिंतीवरच्या नकाशातही तेच लिहिलेलं होतं. म्हणजे ज्यांना चुकवायला ती अकरा वर्षं बाकांवर बसली, ते निम्मं जग ओलांडून पुढे येऊन बसले होते.

तीन दिवस तरी तिने निभावून नेलं. खालच्या प्रशस्त, उबदार हॉलमध्ये खिडकीशी जागा धरली. चारुदत्त आणि अन्वी केबल कारच्या पाळण्यातून वर जात, स्कीवरून खाली येत, गरम कोको पीत, परत वर जात. अन्वी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये मैत्रिणींबरोबर स्की शिकली होती आणि तिला ते छान जमायचं. विभावरी काचेतून हात हलवायची. अन्वी कुठून येते ते तिला दिसायचं नाही, फक्त शेवटचं वळण दिसायचं.

तिसऱ्या संध्याकाळी जेवताना चारुदत्त फोनवरचे फोटो दाखवत होता. अन्वीने नूडल्सचा वाडगा बाजूला सारला. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर यायचं ते जर्मनमधून. "मामा, दू बिस्ट इमर उंटन," ती म्हणाली. आई, तू नेहमी खालीच असतेस.

"अगं, सामान..."

"गेनाऊ," अन्वी म्हणाली, म्हणजे तेच ते, आणि पुन्हा नूडल्स खायला लागली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विभावरीला लागलं. राग असता तर समजूत काढता आली असती. पोरीने मान्यच करून टाकलं होतं की आई ही खाली असायची गोष्ट आहे. उद्याचा दिवस शेवटचा होता. उद्याही आपण काचेमागेच बसलो तर ही पुन्हा कधी विचारणार नाही, हे विभावरीला स्वच्छ कळलं.

तरीही सकाळी ती बसली. सवय हो! दोघं वर गेली. तिने बॅगा मांडल्या, थर्मास काढला. लाल जाकिटातली तिथली एक कर्मचारी मुलगी जवळ आली, वाकून नमस्कार केला आणि भाषांतर करणारा आपला फोन पुढे धरला. तिने अन्वीचं बोलणं ऐकलं असावं, कारण फोन जर्मनमधून बोलला, "आज डोंगर फार स्पष्ट दिसत आहेत. तुम्ही वर जाणार नाही का?"

"मला सामान सांभाळायचं आहे," विभावरीने फोनला सांगितलं.

मुलीने उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं आणि गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. मग भिंतीशी असलेल्या उघड्या फळ्यांकडे हात केला. तिथे लोकांच्या बॅगा, बूट, एक चांगला भारीतला कॅमेरा आणि कोणाची तरी पर्स, सगळं बिनकुलपाचं पडलं होतं. "कोणापासून?" फोनने विचारलं.

मुलगी हसून, वाकून निघून गेली. आता विभावरी त्या फळ्यांवर डोळा ठेवून बसली. कोणीतरी काहीतरी उचलावं, निदान एखादी टोपी तरी लंपास करावी, अशी ती मनापासून वाट पाहत होती. एवढ्या आशेने चोराची वाट आजवर कोणी पाहिली नसेल. एक माणूस पर्सपाशी थांबला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पण त्याने खाली पडलेला कोणाचा तरी हातमोजा उचलला, झटकला, नीट फळीवर ठेवला आणि चालू पडला.

संपलं. सामानाला तिची काही गरज नव्हती. ती आणि तिची भीती, दोघीच उरल्या होत्या, आणि भीतीजवळ बसायला एवढं लांब यायची गरज नव्हती.

विभावरीने बॅगा फळीवर ठेवल्या. पासपोर्टचं पाकीट तेवढं पोटाशी बांधलेलं होतंच, कारण वेडेपणालाही एक मर्यादा असते. पाळण्यात बसताना तिने दाराचा दांडा जो धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. समोर एक जपानी आजीआजोबा शांतपणे संत्रं सोलत होते. त्यांनी तिला दोन फोडी दिल्या. तिने त्या डोळे मिटूनच खाल्ल्या.

वर पाळण्याच्या दारापासून उताराच्या काठापर्यंतचं अंतर तुम्ही आम्ही बोलता बोलता कापलं असतं. विभावरीने ते, कुंपणाची दोरी धरून, एक पाऊल टाकून मग त्याची खात्री करून घेत, आडव्या चालीने कापलं. एक लहान मूल तिला मागे टाकून गेलं, मग त्याच्याहून लहान एक. मध्येच कधीतरी तिने मान वर केली. सगळे आल्प्स तिच्या समोर होते आणि मध्ये काच नव्हती. "अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली.

"विभा?" चारुदत्त हाताच्या अंतरावर उभा होता. "तू? आणि सामान?"

"ठेवलंय खाली. तू पुढे हो."

तो बिचारा खरंच पुढे झाला, आणि दोनदा मागे वळून पाहण्याच्या नादात पडलाही.

अन्वी काठावर उभी होती. तिने आईकडे पाहिलं, पण उड्या मारल्या नाहीत. सरकत जवळ आली आणि आईचा हात घट्ट धरला. तो ती सोडेचना.

"थंडी वाजतेय का गं?"

अन्वीने नाही म्हणून मान हलवली. मग हळूच, चक्क मराठीत म्हणाली, "मला इथे भीती वाटते. प्रत्येक वेळी. बाबा म्हणतो, जा, जा, काही होत नाही."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू खाली होतीस."

विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहलीत कोणाला काय लागेल याची उत्तरं खिशात घेऊन फिरणारी ही बाई, आणि पोटच्या पोरीला काय लागतं ते तिला कळलं नव्हतं. "मलाही वाटते," ती म्हणाली. "खूप. आत्ता या क्षणी माझे पाय लटपटतायत."

"एश्ट? खरंच?" अन्वीने आईचे पाय निरखून पाहिले. ते खरंच लटपटत होते. तिला हसू फुटलं, मग विभावरीलाही.

"सावकाश जा," विभावरी म्हणाली. "हवं तिथे थांब. मी इथून बघतेय."

अन्वी निघाली. पहिलं वळण तिने फार जपून घेतलं, आणि त्याच्या पलीकडे थांबून मागे, वर पाहिलं. विभावरीने दोरी सोडली आणि दोन्ही हात उंच करून हलवले. अन्वीने काठी उंचावली आणि दिसेनाशी झाली. विभावरीची बोटं गारठून गेली होती, परत दारापर्यंत कसं चालायचं हेही तिला माहीत नव्हतं, पण अन्वी पाळण्यातून पुन्हा वर येईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती.