ढवळे आणि साडेसहाशेचा फ्राइड राइस

कंपनीत लागताना माणसाला युनिफॉर्म, लॉकर आणि कँटीनचं कार्ड मिळतं. किस्से कुणी देत नाही. ते आपले आपण साठत जातात, आणि एक दिवस लक्षात येतं की कामापेक्षा तेच जास्त झालेत. मी चाकणला एका कंपनीत एकोणीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या ढवळ्यांचे आहेत. त्यातले फ्राइड राइसचे तेवढे सांगतो. बाकीचे सांगितले तर ढवळे माझ्याशी बोलायचे बंद होतील.

ढवळे आमच्या परचेसला. परचेसचा माणूस सप्लायरने भाव सांगितला की आधी ब्रेकअप मागतो. पत्रा किती, मजुरी किती, वाहतूक किती, तुमचा नफा किती, सगळं सुटं करून दाखवा. बावीस वर्षं हेच केल्यावर गेटवर पंच करून बाहेर पडलं तरी ही सवय आत राहत नाही, सोबत घरी येते.

•

शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की आम्ही तिघे भोसरीत एका चायनीजच्या गाडीवर थांबायचो. मी, ढवळे आणि मेंटेनन्सचे शकीलभाई. ऐंशी रुपयांना प्लेट.

एकदा ढवळे खाता खाता म्हणाले, "तांदूळ इतका, कोबी इतका, तेल, गॅस. राव, हा अठ्ठावन्नला पडतो."

गाडीवाला म्हणाला, "साहेब, कढई हलवायला हात दुखतात."

"ते मजुरीत धरलंय," ढवळे म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "भाव बरोबर आहे."

बावीस वर्षांत कुठल्याही सप्लायरला त्यांनी एवढं चांगलं म्हटलेलं नाही. गाडीवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही, त्याने कांदा जास्त हवाय का एवढं विचारलं.

•

आता मूळ भानगड. सहा वर्षांपूर्वी ढवळ्यांचे मेहुणे परभणीहून आले. नवीन टेम्पो घेतला होता, त्याची पार्टी म्हणून सगळ्यांना आकुर्डीत एका फॅमिली रेस्टॉरंटला घेऊन गेले. तिथे अर्ध्या अननसात भरून फ्राइड राइस देतात. मेहुणे खुशीत होते. सुनंदा वहिनी, म्हणजे ढवळ्यांची बायको, त्याहून खुशीत होत्या.

ढवळ्यांनी अननस उचलून खालून बघितला आणि मेहुण्यांना म्हणाले, "हा अननस धुऊन परत वापरतात. म्हणजे हा साचा झाला, त्याचा खर्च शंभर प्लेटांवर वाटायचा. साच्याचे पैसे एकाच प्लेटवर लावले असतील तर तुम्हाला फसवलंय."

मेहुण्यांचा घास हातातच राहिला. वहिनींनी चमचा खाली ठेवला. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता तुमच्याबरोबर मी बाहेर जेवायला येणार नाही."

आणि नाही गेल्या. सहा वर्षं.

•

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. पुनावळ्यात हायवेच्या बाजूला एक नवीन हॉटेल झालंय. तिथल्या फ्राइड राइसमध्ये अख्ख्या कोळंब्या असतात, वर कसलं तरी परदेशी तेल शिंपडतात. किंमत साडेसहाशे. वहिनींनी स्वतःहून त्या हॉटेलचं नाव काढलं. अट एकच. किमतीबद्दल एक शब्द काढायचा नाही. काढला तर हे शेवटचं.

ढवळे दुसऱ्या दिवशी स्टोअर्समध्ये येऊन एका खोक्यावर बसले. इन्कम टॅक्सची नोटीस आलेली असतानाही हा माणूस उभ्याने चहा प्यायला होता.

"मला जमणार नाही रे," ते म्हणाले. "पण तिला न्यायचंय. सहा वर्षं लोकांच्या वाढदिवसाला ती एकटी जातेय."

बेअरिंग न्यायला आलेले शकीलभाई म्हणाले, "ट्रायल घेऊ. मशीन नवीन आलं की आपण काय करतो?"

•

पहिली ट्रायल हायवेवरच्या एका हॉटेलात. तिथे फ्राइड राइस तापलेल्या दगडी भांड्यात येतो आणि वेटर कशावर तरी पाणी ओतून टेबलभर धूर करतो. शकीलभाईंनी नियम घालून दिला होता, हिशोब तोंडात आला की पाणी प्यायचं.

ढवळे अकरा ग्लास पाणी प्याले. धूर झाला तेव्हाही गप्प. आम्ही एकमेकांकडे बघून मान डोलावली. मग त्यांनी वेटरला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "हा धूर तुम्ही कशात धरता? मालात का पॅकिंगमध्ये?"

ट्रायल रिजेक्ट.

•

दुसऱ्या ट्रायलला सोन्याचा वर्ख लावलेला भात मागवला. ढवळ्यांनी तोंड बंद ठेवलं, पण टेबलाखाली त्यांची बोटं चालू होती. शकीलभाईंनी हात धरून ठेवला.

"ढवळेसाहेब, आपण जेवायला आलोय, ऑडिटला नाही."

ढवळे डाव्या हाताने मोजू लागले.

महागाचा फ्राइड राइस परवडतो का, असं मला विचाराल तर माझं मत साधं आहे. भात मोकळा असतो, कोळंबी मोठी असते आणि टेकायला खुर्ची असते. चव मात्र गाडीवरच्याला जास्त, कारण गाडीवर माणूस भुकेला येतो. साडेसहाशेच्या हॉटेलात भुकेलं कुणी जात नाही. तिथे आपण कुणाला तरी खूश करायला जातो, आणि ते झालं तर पैसे वसूल.

•

लग्नाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, जरा आकुर्डीला दवाखान्यात या. यांना काहीतरी झालंय."

मी गाडी काढली. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या, ढवळे आत ईसीजीला.

"काल काही बोलले का?" मी घाबरत विचारलं.

"एक अक्षर नाही. मेन्यू वाचला, गप्प. बिल आलं, उलटून बघितलं नाही, पैसे ठेवले. हसत होते माझ्याकडे बघून. भात चांगला होता हो, पण एकटीच जेवतेय असं वाटलं. आणि आज दूधवाल्याने लिटरमागे चार रुपये वाढवले, तर हे त्याला म्हणाले, बरं."

"बरं म्हणाले?"

"बरं म्हणाले," वहिनी म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. ढवळे छातीला वायरी लावून छताकडे बघत पडले होते. डॉक्टर म्हणाले, ईसीजी ठीक वाटतोय, पण मनात शंका नको असेल तर आमचं फुल बॉडीचं गोल्ड पॅकेज आहे, साडेसात हजार.

ढवळ्यांनी मान वळवली.

"कागद वीतभर," ते म्हणाले. "जेल चमचाभर. मशीन दहा वर्षं जुनं, त्याचे पैसे कधीच वसूल झालेत. साडेसात हजार कशाचे?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"राहू द्या डॉक्टर," त्या म्हणाल्या. "बरे आहेत."